ग्रॅमचा हिशेब : कारच्या एसीतली गळती, तिचा शोध आणि दुरुस्ती

भोपाळात एप्रिल तापू लागला की जिन्सी, जहांगीराबाद आणि गोविंदपुऱ्यातल्या एसीवाल्या गॅरेजांपुढे गाड्या लागू लागतात. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि लग्नंही तेव्हाच असतात. इथल्या मराठी घरांची बरीचशी सोयरीक बैतूल-मुलताईच्या पलीकडे, नागपूर-अमरावतीकडची. साडेतीनशे किलोमीटरचा तो रस्ता काचा खाली करून कापायची आता कुणाची तयारी नसते. मालक सांगतो, ‘गॅस संपलाय, भरून द्या.’ मेकॅनिक गेज लावतो, गॅस भरतो, गार हवा लागते, गाडी जाते. पुढच्या एप्रिलात तीच गाडी परत त्याच दारात.

गॅस जळून संपत नाही, बंद नळ्यांतून फिरत राहतो, म्हणून तो कमी झाला तर कुठून तरी बाहेर पडलाच असणार, याबद्दल कुणाचा वाद नाही. मतं फुटतात ती पुढच्या पायरीवर. गळती शोधल्याशिवाय गॅस भरूच नये, असं एक म्हणणं. वर्ष-दोन वर्षांनी थोडा भरला तर बिघडत नाही, त्यासाठी डॅशबोर्ड खोलणं म्हणजे गाडीचे हाल, असं दुसरं. कंपनीचं सर्व्हिस सेंटर सबंध भाग बदलायला सांगतं, कोपऱ्यावरचे उस्ताद तोच भाग जोडून देतात. या सगळ्या मतांमागे काय आहे आणि कुठे अजून उत्तर नाही, ते इथे पाहायचं आहे.

वाद इथवर कसा आला

कारखान्यातून बसवून आलेला एसी पहिल्यांदा अमेरिकेच्या पॅकार्ड कंपनीने १९४०च्या मॉडेलांत दिला. आपल्याकडे तो मध्यमवर्गाच्या आवाक्यात येऊ लागला मारुतीनंतर. पहिली मारुती ८०० डिसेंबर १९८३मध्ये रस्त्यावर आली आणि सुझुकी व डेन्सो या जपानी कंपन्यांच्या भागीदारीत एसी बनवणारी सुब्रोस १९८५मध्ये उभी राहिली. त्या काळच्या गाड्यांत आर-१२ हा गॅस असे. क्लोरिनयुक्त असे गॅस ओझोनचा थर खातात, हे मोलिना आणि रोलँड या शास्त्रज्ञांनी १९७४मध्ये मांडलं. १९८७मध्ये मॉंट्रिऑलचा करार झाला, भारत १९९२मध्ये त्यात सामील झाला आणि नव्वदच्या दशकात गाड्या हळूहळू आर-१३४एवर गेल्या.

गॅरेजच्या दृष्टीने हा बदल नुसत्या सिलिंडरच्या रंगाचा नव्हता. आर-१३४एचा रेणू लहान, तो जुन्या रबरी होजमधून झिरपतो, म्हणून होजच्या आत नायलॉनचा थर आला. जुनं खनिज तेल या गॅसमध्ये मिसळत नाही, म्हणून पीएजी तेल आलं, आणि ते हवेतलं पाणी झपाट्याने शोषतं. पुढे कंडेन्सर (उष्णता बाहेर टाकणारी पुढची जाळी) आणि कॉइल (डॅशबोर्डमधला हवा गार करणारा भाग) आटोपशीर होत गेले तसं गॅसचं वजनही घटलं. जुन्या गाड्यांत किलोच्या आसपास गॅस मावायचा, आजच्या लहान गाडीत साधारण चारशे ग्रॅम. गळती तेवढीच राहिली तरी परिणाम दुपटीहून जास्त वेगाने जाणवतो.

शोधायची जुनी रीतही मोडली. आर-१२च्या काळात हॅलाइड दिवा वापरत. गळणारा गॅस ज्योतीत ओढला गेला की ज्योत हिरवी होई. ती हिरवाई क्लोरिनमुळे, आणि आर-१३४एमध्ये क्लोरिन नाही, त्यामुळे दिवा निकामी झाला. (बरंच झालं. त्या ज्योतीत आर-१२ जळून थोडं फॉस्जिन तयार होई, आणि फॉस्जिन काय असतं हे भोपाळला समजावून सांगावं लागत नाही.) दिव्याची जागा इलेक्ट्रॉनिक यंत्राने घ्यायला हवी होती. ते महाग, त्यामुळे बऱ्याच गॅरेजांत दिवा गेला आणि त्याच्या जागी साबणाच्या फेसाखेरीज काही आलंच नाही.

गेज काय सांगतं, काय सांगत नाही

या वादातला मोठा घोटाळा दाबाचा आहे, म्हणून इथे जरा थांबायला हवं.

एसी बंद असताना गेजवर दिसणारा दाब गॅसच्या वजनावर अवलंबून नसतो, तो तापमानावर असतो. आत थोडा जरी द्रव शिल्लक असला तरी आर-१३४ए १० अंशांना साधारण ४५ पीएसआय, २५ अंशांना ८२ आणि ४० अंशांना १३३ पीएसआय दाखवणार. मग आत चारशे ग्रॅम असोत की अडीचशे. म्हणजे बंद गाडीवरचं गेज ‘पूर्ण रिकामी आहे की नाही’ एवढंच सांगतं. एसी चालू केल्यावर दाब बदलतो, पण तो बाहेरचं ऊन, हवेतला ओलावा, पंख्याचा वेग, कॉम्प्रेसरची तब्येत आणि कंडेन्सरवर बसलेली धूळ या सगळ्यांचा मिळून असतो. अनुभवी माणूस त्यावरून बराच नेमका अंदाज बांधतो, यात शंका नाही. पण तो अंदाजच.

भोपाळच्या मेमध्ये हा अंदाज उलटा पडण्याची एक ठरलेली वाट आहे. गॅस जास्त भरला गेला की हाय साइडचा, म्हणजे कॉम्प्रेसरनंतरच्या बाजूचा दाब चढतो, प्रेशर स्विच कॉम्प्रेसर बंद पाडतो, थंडावा कमी होतो. मालकाला वाटतं गॅस कमी आहे, आणि तो आणखी भरायला सांगतो.

यावर उपाय नवा नाही. बॉनेटखालच्या स्टिकरवर किती ग्रॅम भरायचा ते लिहिलेलं असतं. जुना गॅस यंत्राने काढून घ्या, वजन करा, व्हॅक्यूम मारा, मोजून भरा. किती निघाला आणि किती भरला हे दोन आकडे बिलावर आले, तर पुढच्या वर्षी गळतीचा वेग आपोआप कळतो. शोधाच्या पद्धतींवर एवढं बोललं जातं, पण हे दोन आकडे बिलावर क्वचितच दिसतात. माझ्या मते निम्मा वाद यातूनच जन्मतो.

किती गळती म्हणजे गळती?

‘टॉप-अप’वाल्यांची बाजू तज्ज्ञ मानतात तेवढी कच्ची नाही. कुठलाही कार-एसी पूर्ण हवाबंद नसतो. घरच्या फ्रिजमध्ये कॉम्प्रेसर आणि मोटर एकाच सीलबंद डब्यात असतात. गाडीत कॉम्प्रेसर इंजिनच्या पट्ट्यावर फिरतो, त्याचा शाफ्ट सीलमधून बाहेर येतो, आणि हादरे सोसायला होज रबरीच लागतो. युरोपीय संघाच्या २००६च्या निर्देशाने आर-१३४एसारख्या गॅसवर चालणाऱ्या नव्या गाड्यांसाठी गळतीची मर्यादा घातली ती वर्षाला ४० ग्रॅमची, आणि मागे दुसरी कॉइल असेल तर ६० ग्रॅमची. चारशे ग्रॅमच्या गाडीतून वर्षाला ४० ग्रॅम गेले तर तीन वर्षांत तीस टक्के गॅस कमी होतो, आणि तेवढा फरक चाळीस अंशांच्या उन्हात जाणवतो. म्हणजे तीन-चार वर्षांनी एकदा गॅस भरावा लागणारी गाडी युरोपच्या त्या मोजमापातही बसली असती.

विरोधी बाजूचं म्हणणं असं, की गॅस एकटा जात नाही, बरोबर तेल नेतो. कॉम्प्रेसरचं वंगण त्या तेलानेच होतं, आणि भरताना तेलाचा हिशेब कुणी ठेवत नाही. गॅस पार संपला तर ओली हवा आत शिरते, ओलावा शोषणाऱ्या ड्रायरमधले दाणे पाण्याने भरतात, पुढे आम्ल तयार होतं. दरवर्षीच्या काही शे रुपयांपायी शेवटी कॉम्प्रेसर जातो.

दोन्ही बाजू खऱ्या आहेत, फक्त त्या वेगवेगळ्या गाड्यांबद्दल बोलत आहेत. वर्षाला चाळीस ग्रॅम गमावणारी गाडी आणि महिन्यात रिकामी होणारी गाडी यांना एकच सल्ला लागू पडत नाही. कुठली गाडी कुठल्या गटातली, हे पुन्हा ग्रॅमवरच ठरतं.

शोधायच्या रीती

सगळ्यात स्वस्त रीत डोळा आणि टॉर्च. गॅसबरोबर आलेल्या तेलावर धूळ चिकटते, आणि जोडावर किंवा कंडेन्सरवर काळा ओशट डाग दिसला की अर्धं काम झालं. नागपूरच्या रस्त्यावर डंपरमागून गेलेल्या गाडीचा कंडेन्सर आधी पाहावा, कारण पुढच्या जाळीतून आलेला खडा तिथेच बसतो. सर्व्हिस पोर्टच्या व्हॉल्व्हची पिन आणि तिची टोपी हे दुसरं ठिकाण. सगळ्यात स्वस्त दुरुस्ती इथली, आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षही इथेच.

साबणाचा फेस मोठी गळती पटकन दाखवतो. बारीक गळतीला तो पुरत नाही, आणि कूलिंग कॉइल डॅशबोर्डच्या आत असल्याने तिथवर फेस पोचतच नाही.

मग यूव्ही डाय. चमकणारा रंग थोडासा आत सोडायचा, गाडी काही दिवस चालवायची, मग निळ्या दिव्याखाली पिवळा चष्मा लावून पाहायचं. संथ गळतीला हा उत्तम, म्हणून त्याचे पुरस्कर्ते बरेच. आक्षेप दोन. प्रत्येक गॅरेजात नव्याने डाय टाकत गेलं की तेल पातळ होतं. दुसरं, कॉइलवर सुटणाऱ्या पाण्याने तिथला रंग धुऊन जातो. त्यावर तोड म्हणून पाणी बाहेर टाकणाऱ्या नळीच्या तोंडाशी दिवा धरतात.

इलेक्ट्रॉनिक यंत्रांत तीन पिढ्या आहेत. कोरोना प्रकारची स्वस्त यंत्रं ओलावा आणि पेट्रोलच्या वाफेलाही ओरडतात. तापलेल्या डायोडची संवेदनशील असतात, पण सेन्सर झिजतो. इन्फ्रारेडची स्थिर आणि महाग. अमेरिकेतल्या एसएई संस्थेच्या जे-२७९१ मानकात यंत्राने वर्षाला ४, ७ आणि १४ ग्रॅम अशा तीन पातळ्यांची गळती ओळखावी असं आहे. पण यंत्रापेक्षा वापरायची पद्धत मोठी. आर-१३४ए हवेच्या साडेतीनपट जड, तो खाली उतरतो, म्हणून नळी जोडाच्या खालच्या अंगाने फिरवायची. उघड्यावर, कूलरच्या झोतात केलेली तपासणी फुकट.

कॉइलसाठी आणखी एक गोष्ट. एसी चालू असताना कॉइलमधला दाब तीस-चाळीस पीएसआयच असतो. बंद केल्यावर दोन्ही बाजू सारख्या होतात आणि मेच्या दुपारी तिथेच सव्वाशेच्या वर दाब येतो. म्हणून इंजिन आणि पंखा बंद करून दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, मग पाण्याच्या नळीत यंत्राचं टोक घालायचं. डिसेंबरच्या सकाळी हीच तपासणी केली तर दाब इतका उतरलेला असतो की बारीक गळती गप्प बसते. १५ अंशांखाली ती पकडता येईलच असं नाही, हे एसएईही मान्य करते. गॅरेज रिकामं असतं तेव्हा तपासणी नीट होत नाही, आणि नीट होऊ शकते तेव्हा मेकॅनिकला पंधरा मिनिटं थांबायला सवड नसते. यावर काही तोड दिसत नाही.

व्हॅक्यूम धरून ठेवण्याच्या चाचणीवर मतभेद जास्त आहेत. पंप बंद केल्यावर काटा हलला नाही म्हणजे गळती नाही, असं अनेक जण मानतात. पण व्हॅक्यूममध्ये जोडांवर फक्त हवेचा, म्हणजे चौदा-पंधरा पीएसआयचा दाब येतो, तोही बाहेरून आत. खरी गळती दोनशे पीएसआयवर आतून बाहेर होते. उलट्या दाबाने ओ-रिंग कधी आणखी घट्टच बसते. त्यामुळे व्हॅक्यूममध्ये नापास झालेली गाडी बहुधा गळते, पास झालेली गळत नाही असं मात्र म्हणता येत नाही. व्हॅक्यूमचं खरं काम पाणी उकळवून काढायचं, आणि ते उन्हाळ्यात लवकर होतं. इथे भोपाळपुरती एक टीप : शहर समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरवर आहे, त्यामुळे पुस्तकात लिहिलेले पाऱ्याचे जवळपास ३० इंच इथे काट्यावर कधीच दिसणार नाहीत. २८च्या आसपास आले की पंप ठीक आहे.

उरला नायट्रोजन. कोरडा नायट्रोजन दीडशे-दोनशे पीएसआयपर्यंत भरून तासभर काटा पाहायचा आणि जोडांवर फेस लावायचा. रिकाम्या गाडीसाठी हीच रीत सर्वांत विश्वासाची, याबद्दल जाणकारांत फारसं दुमत नाही. पाच टक्के हायड्रोजन मिसळलेला नायट्रोजन आणि त्याला साजेसं यंत्र ही तिची पुढची पायरी. काही ठिकाणी मात्र टायरच्या कॉम्प्रेसरची हवाच भरतात. त्याने पाणी आत जातं, आणि दाबाखाली हवेत मिसळलेला आर-१३४ए पेटूही शकतो. इथे दोन मतांना जागा नाही.

जोडायचं की बदलायचं

ओ-रिंग, व्हॉल्व्हची पिन, होजचं क्रिम्पिंग ही कामं कुठलंही नीट गॅरेज करतं, अट एवढीच की होज बॅरिअर, म्हणजे आत नायलॉनचा थर असलेल्या जातीचा हवा आणि रिंग तेल लावून बसवलेली हवी. वाद कंडेन्सर आणि कॉइलचा.

आजच्या कंडेन्सरच्या चपट्या ॲल्युमिनियम नळ्यांत मिलिमीटरभर रुंदीच्या वाटा असतात. खड्याने पडलेलं भोक आर्गन वेल्डिंगने बुजवता येतं, आणि चांगल्या हाताचं काम वर्षानुवर्षं टिकतंही. बदला म्हणणाऱ्यांचा मुद्दा असा, की भोक जिथे पडलं तिथली शेजारची भिंतही पातळ झालेली असते. कॉम्प्रेसर आतून झिजून त्याचा चुरा कंडेन्सरमध्ये गेला असेल, तर तो धुऊन निघत नाही, आणि तेव्हा बदलणं हाच मार्ग.

कॉइलची गोष्ट भागाच्या किमतीपेक्षा मजुरीची आहे. वायपरखालच्या जाळीतून आलेली पानं आणि धूळ ओल्या कॉइलवर बसतात, पावसाळाभर कुजतात, आणि ॲल्युमिनियमला बारीक छिद्रं पडतात. बऱ्याच गाड्यांत ती काढायला अख्खा डॅशबोर्ड, स्टिअरिंग, एअरबॅगच्या तारा सोडवाव्या लागतात. परत बसवल्यावर कुठेतरी किरकिर सुरू होते ती कायमची. म्हणून जुन्या गाडीचा मालक ‘दरवर्षी भरू’ म्हणतो, त्याला अडाणी म्हणण्यात अर्थ नाही.

याच अडचणीवर सीलंटचा बाजार उभा आहे. एक जात रबरी सील फुगवणारी, दुसरी ओलावा लागला की घट्ट होणारी. एक्स्पान्शन व्हॉल्व्ह तुंबतो आणि गॅस काढणारी यंत्रंही बिघडतात, म्हणून यंत्रं बनवणारे सीलंटच्या विरोधात आहेत. बाजू घेणारे म्हणतात, दोन वर्षांत भंगारात जाणाऱ्या गाडीला हे पुरे. अशी गाडी पुढे ज्या गॅरेजात जाईल तिथल्या यंत्राचा विचार या हिशेबात येत नाही, त्यामुळे मला आक्षेप जास्त वजनदार वाटतो.

सिलिंडरमध्ये काय आहे

गळतीच्या चर्चेत हा प्रश्न मागे पडतो. स्वस्त म्हणून प्रोपेन-ब्युटेनचं मिश्रण भरलं जाऊ शकतं. ते थंडावा चांगला देतं, पण पेट घेतं, आणि कॉइलची गळती थेट केबिनमध्ये येते. बनावट आर-१३४एमध्ये मिथाइल क्लोराइड मिसळल्याचे प्रकार जगात घडले आहेत. ते ॲल्युमिनियमशी संयोग पावून हवेत आपोआप पेटणारं रसायन बनवतं, आणि २०११मध्ये जहाजांच्या शीतकंटेनरांत अशा स्फोटांत माणसं मेली. गॅस ओळखणारं यंत्र हा उपाय आहे, पण त्याची किंमत लहान गॅरेजच्या आवाक्याबाहेर जाते.

हवामान आणि कायदा

आर-१३४ए ओझोनला धक्का लावत नाही, पण शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४३० पट तापवतो. चारशे ग्रॅम हवेत सोडले तर पावणेसहाशे किलो कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं, म्हणजे जवळपास अडीचशे लिटर पेट्रोल जाळल्याइतकं. मॉंट्रिऑल कराराच्या २०१६च्या किगाली दुरुस्तीला भारताने सप्टेंबर २०२१मध्ये मान्यता दिली. त्यानुसार अशा गॅसांचा वापर २०२८मध्ये गोठवायचा आणि २०३२पासून टप्प्याटप्प्याने घटवायचा आहे. २०१९च्या राष्ट्रीय शीतलन कृती योजनेत एक लाख तंत्रज्ञांच्या प्रशिक्षणाचं उद्दिष्ट होतं. पण गाडीतला गॅस काढून साठवण्याची सक्ती आणि मेकॅनिकला परवाना, जसा अमेरिकेत किंवा युरोपात लागतो, तसं आपल्या गॅरेजांत रुळलेलं नाही. गंमत म्हणजे गाडीची गळती दुरुस्त केलीच पाहिजे, असं अमेरिकेचा केंद्रीय कायदाही म्हणत नाही.

युरोपने नव्या गाड्यांत आर-१२३४वायएफ आणला. त्याची तापवण्याची क्षमता नगण्य, पण तो थोडासा ज्वालाग्राही. २०१२मध्ये डेम्लरने आपल्या चाचणीत तो पेटल्याचं सांगितलं आणि मोठी खळबळ उडाली. पुढच्या सरकारी तपासण्यांनी धोका मर्यादित ठरवला. आता हवेत त्याचं विघटन होऊन बनणाऱ्या रसायनावर आक्षेप आहे, आणि २०२३मध्ये पाच युरोपीय देशांनी मांडलेल्या पीएफएएस (दीर्घकाळ टिकणारी फ्लोरिनयुक्त रसायनं) बंदीच्या प्रस्तावाच्या कक्षेत तो येतो. महाग गॅस आला की गळती शोधणं आपोआप परवडू लागेल, असा एक अंदाज. महाग गॅस आला की बनावटीचा धंदा वाढेल, असा दुसरा.

जे अजून ठरायचं आहे

इलेक्ट्रिक गाड्यांनी प्रश्न बदलला आहे. त्यांत कॉम्प्रेसर विजेवर चालतो आणि पट्ट्याने फिरणारा शाफ्ट नसल्याने गळतीची एक जुनी जागा गेली. पण अनेक गाड्यांत तोच गॅस बॅटरीही थंड ठेवतो, म्हणजे गळती फक्त आरामाची बाब राहत नाही. शिवाय तिथे पीएजी तेल चालत नाही, ते वीज वाहून नेतं. पीओई नावाचं तेल लागतं. पेट्रोल गाडीला वापरलेलं गेज आणि त्याचे होज तसेच इलेक्ट्रिक गाडीला लावले तर मागच्या गाडीचं थोडं तेलही आत जातं. ते किती चालून जातं, यावर गॅरेजांत आणि कंपन्यांत एकवाक्यता नाही.

दुसरीकडे, १ ऑक्टोबर २०२५पासून तयार होणाऱ्या एन-२ आणि एन-३, म्हणजे मध्यम आणि अवजड वर्गांतल्या ट्रकांच्या केबिनला एसी सक्तीचा झाला आहे. खडबडीत रस्ते, धूळ, दिवसरात्रीचे हादरे यांत हे एसी चालणार आणि गळणार. त्यांची दुरुस्ती भोपाळबाहेरच्या ट्रान्सपोर्ट नगरात आणि इटारसी-बैतूलच्या ढाब्यांशेजारच्या टपऱ्यांत होईल. ‘मोटार मेकॅनिक’ आणि ‘रेफ्रिजरेशन व एसी’ हे आयटीआयचे दोन वेगळे ट्रेड, आणि ट्रकचा एसी दोन्हींच्या कुंपणावर पडतो. किगालीसाठी भारताची आधाररेषा २०२४ ते २०२६ या वर्षांच्या वापरावरून ठरते, म्हणजे या नव्या एसींचा पहिला गॅस तीत धरला जाईल. त्यातला किती नळ्यांत राहिला आणि किती रस्त्यावर गेला, हे सांगणारा वजनकाटा त्या टपऱ्यांत कोण ठेवणार, याची तरतूद कुठल्याच खात्याकडे दिसत नाही.